सहावा रकाना

इंदिराबाई बासष्ट वर्षांच्या होईपर्यंत त्यांना कोणी रागावलेले पाहिले नव्हते, असे फैजपुरात आजही सांगतात. हे खरे नाही. त्या रागवत असत. केळीचा घड उतरवणाऱ्याने तो जमिनीवर आपटला की रागवत, सून कामिनीने देवासमोरची समई वेळेवर लावली नाही की रागवत, आणि नवरा रतिलाल जेवताना वर्तमानपत्र वाचू लागला की तर फारच रागवत. पण तो राग घरातल्या घरात उठे आणि घरातल्या घरात निवे. या कथेतला राग तो नव्हे. हा राग त्यांना धुळ्यात भेटला, आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, घेतलेल्या व्रताच्या सातव्या महिन्यात, आणि तो भेटला तेव्हा त्यांच्या हातात फोन होता.

व्रताचे आधी सांगायला हवे.

फैजपुरात एक नामसेवा मंडळ आहे. त्या मंडळाचा नेम असा की संसाराच्या जबाबदारीतून मोकळ्या झालेल्या नवरा-बायकोने जोडीने एक वर्ष परगावी राहावे आणि मंडळ सांगेल ती सेवा करावी. कोणी इस्पितळात रुग्णांच्या उशाशी बसते, कोणी आश्रमशाळेत स्वयंपाक करते. वर्ष आखाजी ते आखाजी. खानदेशात शेतावरच्या सालदाराचे, वर्षाच्या बोलीवर राबणाऱ्या गड्याचे, साल आखाजीला ठरते आणि पुढच्या आखाजीला सरते, म्हणून सेवेचेही तसेच. संकल्प सोडून घरी येताना रतिलाल बायकोला म्हणाले होते, "आजपावतो आपन सालदार ठेवले. आता एक वरीस देवाचे सालदार होऊ."

"सालदाराले भाकर भेटते," इंदिराबाई म्हणाल्या होत्या. "तुमचा देव काय देतो ते पाहू."

देवाने धुळे दिले. देवपुरात मंडळाचे मंदिर आहे, त्याच्या मागच्या दोन खोल्या दिल्या, एक लाकडी टेबल दिले, एक फोन दिला आणि काम दिले ते असे की ज्याला काम नाही त्याला काम मिळवून द्यायचे. दारावर पाटी लागली: रोजगार सेवा केंद्र.

या कामाला ही जोडी देवाने जणू घडवूनच ठेवली होती. रतिलाल एकतीस वर्षे फळविक्री सोसायटीचे चिटणीस होते. अक्षर असे की छापलेले वाटावे, आणि नोंद अशी की दहा वर्षांपूर्वीचा कागद अंधारातही हाती लागावा. ते लिहीत, आणि इंदिराबाई माणसे सांभाळत. कामासाठी आलेल्याला आधी पाण्याचा तांब्या, मग चहा, मग गोष्टी. मुलाखतीला निघालेल्या पोराचा सदरा त्या स्वतः इस्त्री करत. नखे वाढलेली दिसली तर नेलकटर पुढे ठेवत. बोलताना चाचरणाऱ्या मुलीला टेबलासमोर उभी करून स्वतः शेठ होऊन बसत आणि भुवया चढवून विचारत, "काय गं, पगार किती घेशील?" पोरगी हसायची. हसली की भीती जायची. रतिलालना लोक नाना म्हणू लागले आणि यांना अक्का. ज्या दिवशी पहिल्या पोराला मोटारीच्या शोरूममध्ये नोकरी लागली, त्या दिवशी अक्कांनी देवापुढे शिऱ्याचा नैवेद्य ठेवला आणि हात जोडून म्हणाल्या, "नारायणा, आणखी आण."

नारायणाने आणखी आणले. शिंदखेड्याहून आणले, शिरपुराहून आणले, साक्रीकडून आणले. ओटीवर रांग लागू लागली. वना नावाचा एक वेल्डर दर सोमवारी येई, वीस वर्षांचा अनुभव गाठीला आणि तोंडात सदा थट्टा. "नाना," तो अहिराणीत म्हणे, "बठ्ठं लिखी लिनं तुम्हीन. आते काम कव्हय भेटी, ते बी लिखी टाका!" काम कधी मिळेल तेही लिहा, या बोलण्यावर सगळी ओटी हसे. नानाही हसत आणि पेनाला टोपण लावत.

ते जे लिहीत ते आता नीट पाहू.

नानांनी पहिल्याच दिवशी जाड कागदाचे कार्ड आखले होते. त्यात सहा रकाने. नाव, वय, शिक्षण, येत असलेले काम, गाव आणि सहावा: 'कोणाकडचे'. कार्ड भरले की त्याची एक प्रत पेटीत राहायची आणि दुसरी पाकिटात जायची. पाकीट नाना स्वतः डिंकाने चिकटवत, वर मंडळाचा शिक्का मारत आणि उमेदवाराच्या हाती देत. "शेठलेच द्यायचं. मधी कोनी फोडायचं नाही."

सहाव्या रकान्यात कसलाही डाव नव्हता, हे आधी स्पष्ट सांगतो. फैजपुरात अनोळखी माणूस दारात आला की पहिला प्रश्न तोच असतो. कोणाकडचा रे तू? म्हणजे तुझी आत्या कोण, तुझा मामा कोण, तुझ्या घराची आणि आमच्या घराची वाट कुठे मिळते का. वाट मिळाली की पाहुणा जेवल्याशिवाय सुटत नाही. तो प्रश्न त्या गावात मायेने विचारतात. नानांनी तो मायेनेच कार्डावर आणला. लोक उत्तरे देत आणि नाना सुंदर अक्षरात लिहीत: अमक्या पाटलांचे भाचे, तमक्या वाण्यांचे जावई. कोणी नुसतीच वस्ती सांगे, तीही ते लिहीत: भिलाटी, तांडा, पिंजारवाडा.

मेघा आली ती भाद्रपदात. सातपुड्याच्या पायथ्याच्या एका पाड्यावरची, पावरा समाजाची. वय सत्तावीस. शिरपूरला राहून बी.एस्सी. झालेली. चार हंगाम तिने कापूस खरेदीच्या केंद्रावर हंगामी मदतनीस म्हणून काढले होते आणि तिथे ती कापसाची प्रत ओळखायला शिकली होती. तिला कायमची ग्रेडरची नोकरी हवी होती.

"म्हंजे काय करतेस गं तू?" अक्कांनी विचारले.

मेघाने पिशवीतून रुईचा पुंजका काढला. दोन्ही हातांच्या चिमटीत धरून ओढला, तुटलेले टोक पुन्हा दुसऱ्यावर ठेवले, पुन्हा ओढला. चार वेळा, पाच वेळा. तंतू एकमेकांशेजारी सरळ झाले आणि तिने ती पांढरी पट्टी आपल्या काळ्या ओढणीवर ठेवली. "एकोणतीस मिलिमीटर. मशीन लावलं तर एखादा दशांश इकडेतिकडे होईल. ओलावा हाताला कळतो. कवडी, म्हणजे किडका-डागी कापूस खाली दाबून आणला तर वासाने कळतो."

अक्का बघत राहिल्या. आयुष्यभर त्यांनी केळीच्या घडावर नुसता हात फिरवून तो किती दिवसांत पिकेल ते सांगितले होते. हातातली विद्या त्यांना लगेच ओळखू येई.

"हे काम मला दिवाळीच्या आत हवं आहे, अक्का," मेघा म्हणाली. "माझी आई दर वर्षी ऊसतोडीच्या टोळीत गुजरातेत जाते. सहा महिने उसाच्या फडात राहते. गेल्या वर्षी तिचा गुडघा सुजला तरी मोळी डोक्यावर होती. मी तिला सांगितलंय, या वर्षी टोळीचा ट्रक येईल तेव्हा तू चढायचं नाही. दिवाळी झाली की ट्रक येतो."

"नाही चढनार तुझी माय," अक्का म्हणाल्या. "कानबाईची शपथ. बैस. च्या घे. कोनाकडची गं तू?"

मेघाने कप बशीत ठेवला. "माझ्या आईकडची," ती म्हणाली.

अक्का खळखळून हसल्या. नानाही हसले, आणि गाव वाचून त्यांनी सहाव्या रकान्यात स्वतःच भरले: पावरा, पाडा.

भाद्रपद सरला, आश्विन सरत आला. मेघाला पाच ठिकाणी पाकीट देऊन पाठवले. पाचही ठिकाणी तेच उत्तर: जागा भरली. सहावे पाकीट प्रेमराजभाऊंच्या नावाचे होते. शिरपूर रस्त्यावर त्यांची जिनिंग फॅक्टरी. मंडळाच्या धुळे शाखेचे ते अध्यक्ष, मंदिराचा सभामंडप त्यांनीच बांधून दिलेला, बोलणे असे गोड की ऐकणाऱ्याला प्रसाद घेतल्यासारखे वाटावे. तिथूनही मेघा दुपारी परत आली. "जागा भरली," ती म्हणाली आणि पाणीही न पिता निघून गेली. दिवाळी चार दिवसांवर होती.

दिवाळी झाली. भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी नाना भाजीला गेले होते आणि फोन वाजला.

"नाना आहेत का?"

"बाजारात गेले. मी अक्का बोलते."

"अक्का! जय हरी, जय हरी. प्रेमराज बोलतोय. एक ग्रेडर पाठवा हो लवकर. हंगाम डोक्यावर आलाय आणि माझा माणूस दुसरीकडे पळाला."

अक्कांना वाटले आपण चुकीचे ऐकले. "मेघाले पाठवलं होतं ना भाऊ? तुम्ही तं म्हटलं जागा भरली."

पलीकडून हसू आले. त्या हसण्यात वाईट काही नव्हते, हेच पुढे अक्कांना सर्वांत जास्त झोंबले. "ते म्हणावं लागतं, अक्का. कार्ड पाहिलं मी तिचं. शिकलेली आहे, नाही असं नाही. पण गेटवर उभं राहून गावोगावच्या पाटलांचा माल पास-नापास करायचा, ते तिचं ऐकतील का? आपल्याकडची कोणी असेल तर पाठवा."

"आपल्याकडची म्हंजे?"

"घ्या! आता मी तुम्हाला शिकवू? खरं सांगू का अक्का, नानांचं ते कार्ड म्हणजे देवाची कृपा आहे. पूर्वी आम्हाला विचारावं लागायचं. हल्ली विचारायची सोय राहिली नाही, कोण कधी मोबाईल काढून बोलणं टिपेल नेम नाही. तुमचं पाकीट आलं की सहावा रकाना बघतो. विचारणं नको, वाईटपणा नको. सगळेच तसं करतात. आम्ही व्यापारी चहाला बसलो की नानांचं नाव निघतं. म्हणतात, काय सोय केली या माणसाने!"

अक्कांनी फोन ठेवला. ठेवला म्हणजे टेबलावर ठेवला. पलीकडून "अक्का? अक्का?" असे किती तरी वेळ येत राहिले.

मग त्यांनी कार्डांची पेटी उचलली, जमिनीवर पालथी केली आणि बसल्या. एकशे बारा कार्डे होती. काम लागलेल्यांची डावीकडे, न लागलेल्यांची उजवीकडे. त्या बाकीचे काही वाचत नव्हत्या, फक्त शेवटची ओळ. अमक्यांचे भाचे, डावीकडे. तमक्यांचे जावई, डावीकडे. भिलाटी, उजवीकडे. तांडा, उजवीकडे. पिंजारवाडा, उजवीकडे. पुन्हा भिलाटी, पुन्हा उजवीकडे. वना वेल्डर, वीस वर्षांचा अनुभव, सहाव्या रकान्यात त्याच्या वस्तीचे नाव, उजवीकडे. डावीकडे सत्तेचाळीस झाली आणि उजवीकडे पासष्ट. उजवीकडच्या वस्त्यांतली फक्त दोन कार्डे डावीकडे गेली होती. एक झाडूवाल्याचे होते आणि एक हमालाचे.

नारायणा, हे आम्ही केले! इस्त्री आम्ही केली, नखे आम्ही कापायला लावली, भीती आम्ही घालवली, तोंडात शब्द आम्ही घातले; आणि मग हाकलून द्यायचा हुकूमही आम्हीच लिहिला, पाकिटात घातला, चिकटवला, त्यावर तुझ्या नावाचा शिक्का मारला आणि ज्याला हाकलायचे त्याच्याच हातात दिला! वर बजावले, मधे फोडायचे नाही!

नाना भाजीची पिशवी घेऊन दारात आले तेव्हा अक्का दोन ढिगांच्या मधे बसल्या होत्या.

"हे काय मांडलं?"

"तुमची सेवा."

अक्कांनी फोनवरचे सगळे सांगितले. नाना खाली बसले. त्यांनी एक ढीग चाळला, दुसरा चाळला. माणूस हुशार होता, त्याला दोनदा सांगावे लागले नाही. पण माणूस दुखावलाही होता, आणि दुखावलेला हुशार माणूस आधी आपला कागद राखतो.

"मी जात लिहिली नाही कोठे," ते म्हणाले. "दाखव मले एक कार्ड. मी कोनाले जात विचारलीच नाही. कोनाकडचे, एवढंच विचारलं."

"लिहिली असती तं बरं झालं असतं! जात लिहिताना हात तरी अडखळला असता तुमचा. तुम्ही तिले नातं म्हनून लिहिलं. मी तिले माया म्हनून विचारलं. च्याच्या कपासंगं विचारलं मी, हसत हसत!"

"एकतीस वरीस सोसायटीत असंच लिहिलं मी."

"तिथं केळी विकत होते तुम्ही! केळीले विचारा कोनत्या मळ्यातली. मानसाले काबरं विचारता?"

"इंदिरा, आपल्या मनात काही नव्हतं."

"नव्हतं ना? मग हे पासष्ट काबरं हो बसले घरी? आपलं मन साफ, त्यांची पोटं उपाशी! काय करायचं त्यांनी आपल्या साफ मनाचं?"

नानांनी चष्मा काढला. ते रडले नाहीत, पण पुढे बराच वेळ त्यांनी चष्मा परत लावला नाही. त्या दिवशी भाजी पिशवीतच राहिली.

दुपारी अक्कांनी मेघाला बोलावून सगळे सांगितले. एक शब्द लपवला नाही. मेघाने ऐकून घेतले आणि म्हणाली, "मला माहीत होतं."

"माहीत होतं? मग बोलली काबरं नाहीस गं पोरी?"

"कोणाला बोलू, अक्का? लिहिणारे तुम्हीच होता." तिचा आवाज चढला नाही. "खरेदी केंद्रावर मी कार्ड न घेता गेले होते. त्यांनी म्हटलं, दोन दिवस काम करून दाखव. मी दाखवलं, चार हंगाम राहिले. तुमच्या पाकिटाने मला कोणी दोन तासही उभं केलं नाही."

हे ऐकल्यावर माणसाने काय करावे? कोणी देवापुढे बसेल, कोणी उपास धरेल, कोणी घरी परत जाईल. अक्कांनी पायात चपला घातल्या.

प्रेमराजभाऊंच्या जिनिंगमध्ये कापसाचे डोंगर लागले होते. यंत्रांची घरघर, हवेत रुईचे तुरे, आणि ऑफिसात भाऊ. उठून त्यांनी अक्का-नाना दोघांना नमस्कार केला, पेढे मागवले. अक्कांनी पेढ्याला हात लावला नाही.

"मेघाले काम द्या, भाऊ. जागा आहे. तुम्हीच म्हटलं."

भाऊंनी नानांकडे पाहिले. नाना जमिनीकडे पाहत होते. "अक्का, तुमच्या शब्दाखातर घेतो," भाऊ म्हणाले. "अंगणात पडलेली रुई गोळा करायला बायका लागतातच. उद्यापासून येऊ द्या तिला."

"तिचं शिक्षन वाचलं का तुम्ही? तिसरा रकाना?"

"वाचलं ना."

"अन् चौथा? काय काम येतं तो?"

"अक्का, मी एकटा काय करणार? समाज आहे. धंदा आहे."

"समाज तुमच्या मुनिमाच्या खुर्चीवर बसतो का? कामाची चिठ्ठी लिहायले समाज येतो का? हात तुमचाच ना, भाऊ?"

भाऊ हसले. ते अजूनही गोडच होते. "इतका राग? व्रतात बसलेल्या माणसाला राग शोभतो का? आपण देवाची माणसं."

तेव्हा इंदिराबाई उभ्या राहिल्या. बाहेर यंत्रे चालू होती म्हणून त्यांना मोठ्याने बोलावे लागले, आणि अंगणातले हमाल थांबून ऐकू लागले.

"देवाची मानसं? देवाच्या सभामंडपात बसून आपन टाळ्या वाजवतो, डोळे मिटतो, गहिवरतो, अन् बाहेर आल्यावर त्याच्याच लेकराले विचारतो, कोनाकडचा रे तू? सभामंडप कोनाकडचा, ते विचारलं का कधी? ज्यांनी विटा वाहिल्या त्यांचं कार्ड पाहिलं होतं का? तव्हा सहावा रकाना कोठी गेला होता? राग शोभत नाही म्हनता. मले तं लाज वाटते की तो इतका उशिरा आला. सात महिने मी तुमच्या दारी मानसं पाठवली अन् घरी जाऊन शिरा केला! हे व्रत नव्हतं भाऊ. ही तुमची चाकरी होती, अन् ती आम्ही फुकट केली."

भाऊंच्या चेहऱ्यावरची साखर आता विरघळली. "मला फैजपूरला मंडळाकडे लिहावं लागेल."

"लिहा. माझंबी कार्ड भरून धाडा. कोनाकडची ते मीच सांगते. आमच्या घरी दोन ढीग आहेत. मी उजवीकडच्या ढिगाकडची."

 आता नाना उठले, खिशातून घडी केलेली यादी काढली आणि टेबलावर ठेवली. त्यांच्या छापील अक्षरात पासष्ट नावे होती, नावापुढे फक्त येत असलेले काम. "यातला कोनी लागला तं कळवा," ते म्हणाले. "पाकीट येनार नाही. मानूस येईल."

कळवले कोणी नाही. केंद्रातला फोन दोन दिवस मुका राहिला. जे व्यापारी आठवड्याला चार माणसे मागत ते एकही मागेनात. ओटीवरची रांग मात्र तशीच होती. नाना प्रत्येकाला सांगत की आमच्या कार्डाने तुमचे नुकसान झाले. काही उठून गेले, काहींनी शिव्या दिल्या. वनाने त्या सोमवारी थट्टा केली नाही. तो म्हणाला, "नाना, तुमनं अक्षर भलतं सुंदर शे," आणि निघून गेला.

त्याच दिवशी शिंदखेड्याच्या एका बस कंडक्टरने बातमी दिली: तिथल्या एका जिनिंगपुढे ट्रॅक्टरांची रांग लागली आहे, माल तपासणारा कोणी नाही. मंगळवारी पहाटेच्या गाडीने अक्का आणि मेघा निघाल्या. कार्ड नव्हते, पाकीट नव्हते. गेटपाशी मेघा थांबली. "तुम्ही बाहेर थांबा, अक्का."

अक्कांना ते लागले. त्या बाहेर थांबल्या.

जिनिंग चालवत होत्या चंदनबाई, सत्तरीच्या मारवाडी विधवा. डोक्यावर पदर, कानाला मोबाईल, जिभेला धार. अक्कांना गेटातून सगळे दिसत होते, ऐकूही येत होते.

"काय पाहिजे?"

"काम. मी ग्रेडर आहे."

"ग्रेडर? ती गाडी बघ. पाणी किती?"

मेघाने ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत कोपरापर्यंत हात घातला. "वर आठ टक्के. खाली बारा-तेरा. मधे शिंपडलंय."

"ए, काय बोलते ही?" ट्रॅक्टरवाला ओरडला.

"ओरडू नको रे," चंदनबाई त्याच्यावर खेकसल्या. "मशीन आण. बघू दे."

मशीन आणले. चंदनबाईंनी आकडा पाहिला, मेघाकडे पाहिले, आणि पुढच्या ट्रॉलीकडे बोट केले. दुपारपर्यंत मेघाने अकरा ट्रॉल्या पाहिल्या. चंदनबाई थोर होत्या असे नव्हे. त्यांना घाई होती, गेल्या आठवड्यात त्यांच्या गाठी सूतगिरणीने परत पाठवल्या होत्या, आणि कोणाकडची हे विचारायला त्यांना सवड नव्हती. कदाचित पुढे विचारतील. पण तोवर मेघाचे काम त्यांच्या डोळ्यांपुढे असेल. दोनच्या सुमारास त्या म्हणाल्या, "उद्यापासून आठ वाजता. हंगामभर. काम असंच राहिलं तर कायम. उशीर खपणार नाही."

मेघा गेटाबाहेर आली. केसांत रुई, चेहऱ्यावर धूळ. अक्कांकडे न बघता तिने आधी फोन लावला. आईशी ती पावरीत बोलत होती. अक्कांना त्या भाषेतले काही कळत नव्हते, पण त्यांनी तो चेहरा उजळलेला पाहिला आणि मग तो उतरलेला पाहिला. मेघा दोनदा तेच काहीतरी म्हणाली. मग नुसती ऐकत राहिली. मग फोन खाली आला.

"काय झालं?"

"ट्रक काल संध्याकाळीच गेला. आई बारडोलीच्या पुढे पोहोचलीय. झोपडी टाकताहेत."

"परत बोलव! सांग काम लागलं!"

"टोळीत नाव लागलं की सहा महिने सुटत नाही, अक्का. ती म्हणाली, तू काम कर, मी येते उन्हाळ्यात." मेघाने ओढणीने तोंड पुसले. "एक दिवस. फक्त एका दिवसाने चुकलं."

एक दिवस नव्हे. दोन महिने. सहा पाकिटे. अक्कांना ते मोजावे लागले नाही, ते त्यांच्या छातीवर उभे होते. भाद्रपदात ही पोर नुसत्या हातांनी या गेटात शिरली असती, तर तिची आई आज पाड्यावर असती, चुलीपुढे गुडघा शेकत.

त्यांनी हात जोडले. बासष्ट वर्षांची बाई, गेटासमोर, ट्रॅक्टरांच्या रांगेदेखत. "पोरी, मले माफ कर."

मेघाने ते हात धरले नाहीत आणि झिडकारलेही नाहीत. "माझ्याकडे कशाला मागता?" ती म्हणाली. "मला काम लागलं. ऊस तोडायला ती गेलीय. तिच्याकडे मागा."

संध्याकाळी अक्का धुळ्याला परतल्या. खोलीत आल्या तेव्हा नाना जुन्या कार्डांवरचा सहावा रकाना पट्टी लावून कापत बसले होते. एकेक कापून बाजूला ठेवत होते. अक्कांनी शिंदखेड्याचे सांगितले, ट्रकचे सांगितले, मेघाचे शब्द जसेच्या तसे सांगितले. नानांची कात्री थांबली.

"मी फैजपूरले फोन केला होता," ते म्हणाले. "प्रेमराजचं पत्र यायच्या आधी आपनच सांगितलेलं बरं. मंडळवाले म्हनतात, विचार करू. आपला पोरगा नवीन म्हनतो, आई-बाबा, घरी या, पुरे झालं."

"नवीनले सांगा, आखाजीपावतो साल आहे आपलं. सालदार मधीच पळत नाही." त्या चपला न काढताच उभ्या होत्या. "सुरतेची गाडी किती वाजता?"

"सकाळी सहाला एक आहे. काबरं?"

"बारडोलीले जायचं."

"तिथं कोठी शोधशील? शेकडो टोळ्या असतात उसात."

"मेघाकडून मुकादमाचं नाव घेतलं. विचारत जाईन. सात महिने लोकाईले विचारतच होते ना मी?"

नाना उठले. कात्री टेबलावर ठेवली. खुंटीवरची शबनम काढली, तिच्यात पाण्याची बाटली आणि टॉवेल घातला, मग दुसरी बाटलीही घातली. ती दारापाशी ठेवून ते म्हणाले, "इंदिरा, ती बाई आपल्याले ओळखत नाही. विचारेल, तुम्ही कोन. काय सांगायचं?"

"खरं ते सांगायचं," इंदिराबाई म्हणाल्या. त्यांचा राग जराही उतरला नव्हता. "म्हनायचं, तुमच्या लेकीचे दोन महिने आम्ही खाल्ले. मग खाली बसायचं, अन् ती काय बोलते ते ऐकून घ्यायचं. शिव्या दिल्या तं शिव्या. पुरं ऐकायचं. मधी एक शब्द बोलायचा नाही तुम्ही."

"नाही बोलनार," नाना म्हणाले.